पल्प म्हणजे गर, कोळ की लगदा? करायचा कसा, टिकवायचा कसा

किराणा दुकानात ‘पल्प’ मागितला तर आंब्याचा डबा मिळतो. कागद गिरणीत तोच शब्द उच्चारला तर पातळ पेजेसारखं पांढुरकं पाणी दाखवतात. दंतवैद्य ‘पल्पपर्यंत कीड गेली’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दाताची नस असते. इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द आहे. मराठीत त्यासाठी निदान पाच-सहा आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आंबा, सीताफळ, कवठ, बेल यांचा गर. चिंचेचा कोळ. बरक्या फणसाचा रस, पण काप्याचे गरे. दूध काढून झाल्यावर उरलेल्या खोबऱ्याचा चोथा. चरकातून निघालेली उसाची चिपाडं. कागदाचा लगदा. भाताचा लगदा झाला म्हणजे स्वयंपाक बिघडला, कागदाचा लगदा झाला म्हणजे काम जमलं.

भाषांतर करणाऱ्यांची इथेच फसगत होते. ‘टॅमरिंड पल्प’चं ‘चिंचेचा लगदा’ करून टाकलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर रद्दी येते. कुणाला मारून ‘पल्प’ केलं असेल तर मराठीत त्याचा चेंदामेंदा होतो, गर होत नाही.

पण फरक नुसत्या शब्दांचा नाही, कामाचाही आहे. स्वयंपाकघरात मऊ भाग ठेवायचा असतो आणि रेषा, धागा, चोथा टाकायचा असतो. कागदात नेमकं उलटं. तिथे धागाच हवा असतो आणि बाकी सगळं धुऊन टाकायचं असतं. चांगला आमरस गुळगुळीत, चांगला लगदा रेषाळ. एवढं ध्यानात ठेवलं की पुढच्या प्रत्येक कृतीत चाळणी कुठे लावायची आणि मिक्सर कुठे थांबवायचा ते कळतं.

आंब्याचा गर, वर्षभरासाठी

ताज्या रसासाठी पायरी घ्या, साठवणीच्या गरासाठी हापूस. पायरीचा रस पातळ असतो आणि जेवणात त्याला तोड नाही, पण साठवायला पाणी कमी असलेला दाट गर बरा. बाजारातले स्वस्त डबे बहुधा तोतापुरीचे असतात. तामिळनाडूतला कृष्णगिरी आणि आंध्रातला चित्तूर ही त्या धंद्याची मोठी केंद्रं. तोतापुरीचा गर भरपूर निघतो, वास बेताचा आणि गोडीही कमी. डब्यावर नुसतं ‘मँगो’ लिहिलेलं असेल आणि आंब्याची जात दिलेली नसेल, तर हापूसची अपेक्षा धरू नका.

पाच किलो हापूसमधून अडीच ते तीन किलो गर हाती येतो. आंबे पूर्ण पिकलेले हवेत, पण सुरकुतून आंबूस वास यायला लागलेले नकोत. असा एक आंबा सगळ्या पातेल्याला वास लावतो. आंबे धुऊन तास-दोन तास पाण्यात ठेवा, मग देठाकडची पातळ चकती कापून पहिले थेंब पिळून टाका. त्यात चीक असतो. त्याने ओठ चुरचुरतात आणि गराला किंचित कडवटपणा येतो.

इथून पुढे बहुतेक घरांत आंबा हाताने माचून पिळतात. लगेच खायचा रस असेल तर तसाच करा. साठवणीसाठी मात्र आंबा पिळू नका, कापा. हापूसला साका पडतो. कोयीजवळचा भाग पांढरट, पोचट आणि आंबट होतो आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. पिळलेल्या आंब्यातला साका रसात मिसळून जातो, कापलेल्या आंब्यात तो समोर दिसतो आणि सुरीने काढून टाकता येतो. कोयकिडा लागलेला आंबाही कापल्यावरच कळतो. दोन्ही गालांच्या फोडी काढा, चमच्याने गर खरवडा, कोयीभोवतीचा गर हाताने सोडवा. कोय सुरीने खरवडू नका. तिथलाच रेषा सगळ्यात चिवट असतो.

मिक्सर दहा-पंधरा सेकंदच फिरवा, तेही थांबत थांबत. जास्त फिरवलं की दोन गोष्टी बिघडतात. रेषा बारीक होऊन गरातच राहतो, म्हणजे तो चाळणीत अडकत नाही आणि जिभेला मात्र लागतो. शिवाय हवा मिसळते, फेस येतो आणि त्या हवेने रंग मंदावतो. पुरणयंत्राची बारीक जाळी किंवा स्टीलची चाळणी मिक्सरपेक्षा केव्हाही चांगली. लोखंडी कढई, कल्हई नसलेलं पितळेचं पातेलं, ॲल्युमिनियम, काहीच वापरू नका. आंब्याचं आम्ल धातूशी लागतं, गर काळवंडतो आणि चव बिघडते.

आता साठवण. तीन वाटा आहेत.

पहिली फ्रीझरची, आणि घरासाठी हीच आमची पसंती. गर २५० ग्रॅमच्या जाड पिशव्यांत भरा, हवा काढा आणि पिशव्या आडव्या, पातळ पसरून गोठवा. चपट्या पिशव्या लवकर गोठतात, त्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात आणि वितळल्यावर पाणी वेगळं सुटत नाही. डबा वापरत असाल तर वर बोटभर जागा ठेवा, गोठताना गर फुगतो. उणे १८ अंशांवर टिकणाऱ्या डीप फ्रीझरमध्ये हा गर पुढच्या हंगामापर्यंत चालतो. दिवसातून वीसदा उघडणाऱ्या घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात तीन-चार महिने धरा. एकदा वितळलेला गर परत गोठवू नका.

दुसरी वाट बाटलीची. एक किलो गराला ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड (सपाट चहाचा चमचा) आणि हवी असल्यास १०० ते २५० ग्रॅम साखर. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात सतत ढवळत ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवा आणि चार-पाच मिनिटं तिथेच ठेवा. गर उकळायला लागला की फटफट उडतो आणि हात भाजतो, म्हणून लांब दांड्याची पळी घ्या. आधी उकळून गरम ठेवलेल्या बाटल्यांत गरम असतानाच भरा, वर दोन सेंटिमीटर जागा सोडा, झाकण लावा. मोठ्या पातेल्याच्या तळाशी फडकं पसरून त्यावर बाटल्या ठेवा, झाकणांवर येईल इतकं गरम पाणी ओता आणि उकळी आल्यापासून अर्धा तास मोजा. फडकं विसरलात किंवा गरम बाटलीवर थंड पाणी ओतलंत तर काच तडकते. बाटल्या बाहेर काढल्यावर लाकडावर ठेवा, ओल्या ओट्यावर नको.

सायट्रिक ॲसिड चवीसाठी नाही. गराचा सामू (पीएच, आंबटपणाचं माप; जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६च्या खाली असेल तर बंद बाटलीतले सर्वांत घातक जिवाणू वाढत नाहीत. हापूस साधारण ४च्या आसपास असतो, पण फार पिकलेला आंबा त्या रेषेच्या जवळ सरकतो. म्हणून ‘आंबा गोडच आहे, आंबट कशाला घालायचं’ असं म्हणून ही पायरी गाळू नका.

तिसरी वाट पोटॅशियम मेटाबायसल्फाईटची, दुकानात ज्याला केएमएस म्हणतात. किलोला साधारण एक ग्रॅम. तो वाटीभर गरात विरघळवून मग सगळ्यात मिसळायचा, आणि गर गार झाल्यावरच. गरम गरात टाकला की त्यातून सुटणारा, गर टिकवणारा वायू उडून जातो आणि रक्षण करायला काही उरत नाही. दम्याच्या माणसाला सल्फाईटचा त्रास होऊ शकतो, तेव्हा बाटलीवर चिठ्ठी लावा. हा गर तसाच वाटीत घेऊन खायचा नाही. सरबत, वडी, जॅम करताना तो शिजतो किंवा पातळ होतो, त्याच कामासाठी तो ठेवायचा. जांभूळ, कोकम, स्ट्रॉबेरी यांना केएमएस लावू नका, त्यांचा रंग उडतो. तिथे सोडियम बेंझोएट वापरतात.

झाकण फुगलं, उघडताना फस्स आवाज आला, बुडबुडे दिसले किंवा दारूसारखा वास आला, तर चव घेऊन खात्री करायला जाऊ नका. थेट फेकून द्या.

आंब्याचा नियम इतर फळांना लावू नका

सर्वांत मोठी चूक इथे होते. आंब्याची बाटली जमली की त्याच पद्धतीने पपई, फणस, केळं, सीताफळ भरायचा मोह होतो. या फळांत आंबटपणा फारच कमी असतो. पपई आणि सीताफळाचा सामू ५च्या वर जातो, फणसही तिथेच घोटाळतो. घरच्या अर्ध्या तासाच्या उकळीवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. त्यांना फ्रीझरच.

सीताफळाचं आणखी एक आहे. ते तापवलं की कडू होतं आणि गुलाबीसर पडतं. रबडीत सीताफळ शेवटी, दूध गार झाल्यावर घालतात ते याचसाठी. पुरंदर भागात हंगामात सीताफळाच्या गराचा मोठा धंदा चालतो आणि तिथेही सगळं थंडीवरच चालतं. घरी करताना फळ हाताने उकला, कळ्या वाटीत काढा, सालीलगतचा रवाळ थर घेऊ नका. बी काढायला चाळणीवर हलक्या हाताने घोळवा. मिक्सर नको, कारण बी फुटता कामा नये. ती विषारी असते आणि तिची पूड डोळ्यात गेली तर गंभीर इजा करते. गर काळा पडू नये म्हणून किलोला अर्धा ग्रॅम क जीवनसत्त्वाची पूड किंवा एका लिंबाचा रस मिसळा आणि लगेच गोठवा. ‘लगेच’ म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत. तासाभराने तो तपकिरी झालेला असेल.

बरक्या फणसाचा रस चाळणीवर चोळून काढायचा, हाताला आणि सुरीला आधी खोबरेल लावून. त्याचं सांदण होतं, नाहीतर फणसपोळी. पोळीसाठी ताटाला तूप किंवा तेल लावून रस तीन-चार मिलिमीटर जाडीचाच पसरा, उन्हात वाळला की त्यावर दुसरा थर. एकदम जाड ओतला तर वरून साय धरते, आतला ओलावा अडकतो आणि आठवड्याने मधोमध बुरशी दिसते. आंबापोळीलाही हेच लागू.

कवठाचा गर गुळासोबत चटणीला, बेलाचा मुरंब्याला. बेल पूर्ण पिकण्याआधी घेतात, कारण पिकल्यावर बियांभोवतीचा चिकटा गरात उतरतो आणि कापच धरत नाही.

टोमॅटोचा गर ज्यांना बी धरायची आहे त्यांच्याही कामाचा. बियांभोवतीचा बुळबुळीत गर वाटीत काढून एक ते दोन दिवस तसाच आंबू द्या, दिवसातून दोनदा ढवळा. गर सुटतो, भरलेली बी तळाशी बसते, पोचट वर तरंगते. तिसऱ्या दिवशीही तसंच ठेवलं तर बी वाटीतच रुजायला लागते.

चिंचेचा कोळ

१०० ग्रॅम चिंचेला ३०० मिली कडक गरम पाणी, वीस मिनिटं भिजू द्यायची आणि बोटांनी कोळायची. गाळून उरलेल्या चोथ्यावर पुन्हा १५० मिली पाणी. दोन्ही मिळून साडेतीनशे ते चारशे मिली कोळ होतो. चिंचोके, शिरा आणि टरफलाचे तुकडे निघाले पाहिजेत. चिंचोक्यासकट मिक्सरमध्ये टाकणारे असतात. भांड्याचं पातं जातं आणि कोळ तुरट होतो.

जुनी चिंच काळी आणि बरेचदा मीठ लावलेली असते. तिचा कोळ वापरताना आमटीतलं मीठ शेवटी घाला. कोळ साठवायचा तर चिमूटभर मीठ घालून निम्मा होईतो आटवा आणि काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा. नाहीतर बर्फाच्या साच्यात गोठवा, एक चौकोन एका आमटीला पुरतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात तो ठेवायचा नाही हे वेगळं सांगायला नको. ज्या चिंचेने आपण समई लखलखीत करतो, ती समईचं तांबंच विरघळवत असते.

कागदाचा लगदा

आता चाळणी उलटी धरायची. इथे हवा तो धागा.

लाकडात, बांबूत, उसाच्या चिपाडात तंतू असतात आणि ते लिग्निन नावाच्या चिकट्याने एकमेकांना जखडलेले असतात. लाकूड नुसतं दगडावर घासून लगदा केला तर लिग्निन आत राहतं. वर्तमानपत्राचा कागद असा असतो, म्हणून तो उन्हात पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. रसायनांत शिजवून लिग्निन काढून टाकलं की तंतू लांब आणि मजबूत राहतात. क्राफ्ट ही त्याची सर्वांत रुळलेली पद्धत, जर्मनीत १८७९ साली निघालेली. क्राफ्टचा जर्मन अर्थच ताकद. खाकी पिशव्यांचा कागद तोच. आपल्याकडे बल्लारपूरची गिरणी बांबूवर उभी राहिली. उसाच्या चिपाडांपासूनही लगदा होतो, पण आधी त्यातला भुसभुशीत गाभा झटकून काढावा लागतो. त्याच्यात तंतू नसतात, तो नुसतंच पाणी आणि रसायन पितो. बाजारातली चिपाडाची ताटं-वाट्या याच लगद्याच्या.

हातकागद बहुतेक सुती चिंध्यांचा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची परंपरा जुनी आणि पुण्यातली हातकागद संस्था १९४० पासूनची. चिंध्या कुटायला तिथे हॉलंडर नावाचं यंत्र असतं. ते तंतू कापण्यापेक्षा चेचून उलगडतं. घरच्या मिक्सरमध्ये चिंध्या घालू नका, दोरे पात्याला गुंडाळतात आणि मोटर जळते. घरी सुरुवात कागदापासूनच करा.

कागद कोणता घ्यायचा यावर निम्मं काम ठरतं. वहीची पानं, छापील पाठकोरे कागद, अंड्यांचे ट्रे उत्तम. वर्तमानपत्र टोपलीला चालतं, लिहायच्या कागदाला नाही. चकचकीत मासिकं बाजूला ठेवा, त्यांच्यावर मातीचा लेप असतो, तो लगद्यात गाळ होऊन बसतो. प्लास्टिक चढवलेले चहाचे कप आणि पावत्यांचा गुळगुळीत औष्णिक कागद अजिबात नको. एकाच कागदाचा पुन्हा पुन्हा लगदा केला तर दर वेळी तंतू आखूड होतो, म्हणून जुन्या लगद्यात थोडा नवा कागद मिसळत राहावं.

टोपली किंवा पाटी

रद्दी भिजवून, मेथी घालून धान्य ठेवायच्या टोपल्या करायची घरगुती रीत जुनी आहे आणि ती अजूनही सर्वांत सोपी आहे.

एक किलो वर्तमानपत्र हाताने फाडा, कात्रीने कापू नका. फाटलेल्या कडेला तंतू मोकळे होतात, कापलेल्या कडेला तुटतात. दोन दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. घाई असेल तर अर्धा तास उकळा. मग उखळात कुटा, किंवा एक मूठ कागदाला एक लिटर पाणी घेऊन मिक्सरमध्ये वीस-तीस सेकंद फिरवा. पाणी कमी घातलंत तर मोटर तापते. शाईमुळे हे भांडं पुन्हा चटणीला वापरायचं नाही.

लगदा फडक्यात पिळा. मुठीत दाबल्यावर धार लागली तर पाणी जास्त, एक थेंबही पडला नाही तर कमी. थेंब थेंब पडायला हवं. यात २०० ग्रॅम मेथी रात्रभर भिजवून वाटून घाला. तिचा बुळबुळीतपणा डिंकाचं काम करतो आणि कडवटपणा किडीला दूर ठेवतो. शिवाय २०० ग्रॅम शाडू किंवा मुलतानी माती. मातीने पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पण हात सैल सोडू नका. माती वाढली की वजन वाढतं आणि भेगा पडतात. सगळं कणकेसारखं दहा मिनिटं मळा. मेथी नसेल तर मैद्याची खळ चालते, एका भागाला सहा भाग पाणी. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, कीड लागत नाही म्हणून. ते विष आहे, धान्याच्या टोपलीत नको.

घमेलं पालथं घाला, त्यावर ओलं फडकं पसरा आणि मधल्यापासून कडेकडे लगदा थापत जा. जाडी सहा ते आठ मिलिमीटर, सगळीकडे सारखी. पहिला दिवस सावलीत, मग ऊन. हुकमी चूक इथेच होते. टोपली घमेल्यावरच पूर्ण वाळू देतात. लगदा वाळताना आकसतो, आत घमेलं मात्र आहे तेवढंच राहतं, म्हणून भिंत ताणली जाते आणि उभी भेग पडते. लगदा आकार धरण्याइतका घट्ट झाला, पण हाताला गार लागतोय, अशा वेळी फडक्यासकट उतरवून घ्या आणि मग मोकळी वाळवा. पूर्ण वाळायला तीन-चार दिवस. बारीक भेगा पडल्याच तर ओल्या लगद्याने बुजवू नका, तो वाळून गळून पडतो. खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवा.

पावसाळ्यात हे काम काढू नका. ओला लगदा दोन दिवसांत आंबतो, तिसऱ्या दिवशी काळे ठिपके दिसतात. उरलेला लगदा घट्ट पिळून, लाडू वळून उन्हात वाळवून ठेवा. पुढच्या वेळी भिजवला की झालं. आणि लगद्याचं पाणी मोरीत ओतू नका, तंतू पाइपच्या वळणावर बसतात. फडक्यातून गाळून झाडांना घाला.

लगद्याच्या गणपतीबद्दल एवढंच, की तो हलका असतो, तडकत नाही, म्हणून करायला सोपा. पण ‘कागद म्हणजे निरुपद्रवी’ हे खरं नाही. शाई असतेच, आणि सुटा लगदा तळ्यात कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. बादलीत विसर्जन करून लगदा गाळून पुन्हा वापरणं हाच त्याचा योग्य शेवट.

घरचा हातकागद

दोन सारख्या लाकडी चौकटी करा, आतून ए-फोर आकाराच्या. एकीवर नायलॉनची मच्छरदाणीची जाळी ढोलासारखी ताणून बसवा. दुसरी नुसती, दोन सेंटिमीटर उंचीची, तिच्यावर ठेवायला. टबात दहा लिटर पाणी आणि ७० ग्रॅम कोरड्या कागदाचा लगदा. हे ताकापेक्षाही पातळ दिसतं आणि नवखा माणूस हमखास आणखी लगदा घालतो. घालू नका. एका पानाला सहा ग्रॅम कागद पुरे, त्याने साधारण ९५ जीएसएमचं (चौरस मीटरला ९५ ग्रॅम) पान निघतं, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाहून जरा जाड.

टब ढवळा, चौकट उभी आत घाला, आडवी करून सरळ वर उचला. पाणी गळत असताना दोन-तीनदा पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलकेच हलवा, म्हणजे तंतू एकमेकांत अडकतात. पाणी गळून गेल्यावर हलवलंत तर पान फाटेल. वरची चौकट काढा, जाळी ओल्या सुती फडक्यावर पालथी घालून एका कडेने दुसरीकडे दाबत उचला. पान फडक्यावर राहतं. जाळीलाच चिकटून येत असेल तर फडकं पुरेसं ओलं नाही. दहा-बारा पानं एकावर एक झाली की दोन फळ्यांमध्ये घालून वजनाखाली दाबा, मग काचेवर चिकटवून वाळवा. प्रत्येक पानानंतर टबात वाटीभर दाट लगदा घाला, नाहीतर शेवटची पानं पापुद्रा होतात.

यात डिंक नाही हे पाहून लोक चकित होतात. पाणी उडताना तंतू जवळ येतात आणि सेल्युलोजचे रेणू थेट एकमेकांना धरतात. म्हणून दाबणं महत्त्वाचं, आणि म्हणूनच पाण्यात कागद पुन्हा सुटतो. असं पान शाई मात्र टिपकागदासारखं पितं. लिहायचं असेल तर वाळलेलं पान पातळ खळीत किंवा दोन टक्के जिलेटिनच्या कोमट पाण्यात बुडवून पुन्हा वाळवा.

लाकडाच्या स्वस्त लगद्यावरूनच अमेरिकेत १८९६ नंतर ‘पल्प’ मासिकं आली आणि पुढे त्या मासिकांतल्या मजकुरालाही तेच नाव चिकटलं. मराठीत त्याला लगदा म्हणायची गरज नाही. रहस्यकथा, थरारकथा म्हणा, किंवा सरळ ‘पल्प’. न खपलेल्या पुस्तकांचा मात्र खराच लगदा होतो.

दातातला पल्प

हा करायचा नाही, सांभाळायचा. दाताच्या मधल्या पोकळीत रक्तवाहिन्या आणि नसा असतात, आपण त्यालाच ‘नस’ म्हणतो. गार पाण्याने क्षणभर कळ आली आणि लगेच थांबली तर पल्प चिडलेला आहे, बहुधा वाचतो. कळ अर्ध्या मिनिटाहून जास्त रेंगाळत असेल किंवा रात्री आपोआप ठणकत असेल तर बहुधा वाचत नाही. तेव्हा तो काढून पोकळी भरतात, तेच रूट कॅनाल. लवंगतेलाने तात्पुरतं बधिर होतं, एवढाच त्याचा उपयोग. आणि आठवडाभर ठणकणारा दात एके दिवशी उपचाराशिवाय गप्प झाला, तर तो बरा झालेला नसतो. आतला पल्प मेलेला असतो आणि जंतू मुळाच्या टोकातून हाडाकडे निघालेले असतात. डॉक्टरची ठरलेली वेळ रद्द करू नका.